पहिलं डोकं धुणं

प्रिय सुध्या,

काल फोनवर तू केस लावायच्या ऑपरेशनबद्दल, म्हणजे हेअर ट्रान्सप्लांटबद्दल, एक शब्द विचारला नाहीस, पण "नंतर डोकं धुवायचं कसं रे?" हे तीनदा विचारलंस. मला हसू आलं, कारण माझंही अगदी हेच झालं होतं. सुया टोचून घ्यायला माणूस तयार असतो, मगभर पाण्याला घाबरतो. फोनवरचं सांगणं विसरायला होतं, म्हणून लिहूनच पाठवतोय. तुझे डॉक्टर जो कागद देतील तो या पत्राच्या वर ठेव. प्रत्येकाची पद्धत वेगळी असते. कुणी दुसऱ्याच दिवशी स्वतः धुऊन देतात, कुणी दोन-तीन दिवस पाण्याचा थेंब लागू देत नाहीत.

आधी माझा गाढवपणा सांगतो. पहिलं धुणं दवाखान्यात झालं, छान झालं. घरी आल्यावर मात्र माझा हात डोक्यापर्यंत जाईचना. एवढी एक-एक करून लावलेली मुळं, आपल्याच हाताने उपटली गेली तर? मग मी धुतल्यासारखं करायचो, म्हणजे फेस नुसता दाखवायचा आणि ओतून टाकायचा. आठव्या दिवशी डोक्यावर खपल्यांचं कवच तयार झालं होतं, वाळलेल्या चिखलासारखं. तपासणीला गेलो तर डॉक्टरांनी एका नजरेत चोरी पकडली.

त्यांनी जे समजावलं ते तू आधीच ऐकून ठेव. प्रत्येक ग्राफ्ट, म्हणजे डोक्याच्या मागून काढून पुढे लावलेलं केसाचं मूळ, अगदी बारीक चिरेत बसवलेला असतो आणि सुरुवातीला त्याला धरून ठेवतं ते गोठलेलं रक्तच. पहिले दोन दिवस केस ओढला तर मुळासकट हातात येतो. सहाव्या दिवसाच्या आसपास नुसता केस ओढून मूळ सहसा निघत नाही. पण खपली घट्ट चिकटलेली असेल आणि तू ती नखाने उचकटलीस, तर ती ग्राफ्टला सोबत घेऊन जाऊ शकते. नवव्या-दहाव्या दिवसापर्यंत मुळं पक्की धरतात. म्हणजे बघ, मी ज्या पाण्याला भीत होतो ते खपली मऊ ठेवत होतं, आणि ज्या खपलीला मी हात न लावता जपत होतो तीच खरी धोक्याची.

आता धुण्याचं. सौम्य शाम्पूचा फेस तळहातावर किंवा वाटीत करायचा, डोक्यावर नाही. तो लावलेल्या जागेवर अलगद ठेवायचा, बोटांच्या पेरांनी थोपटायचं, झोपलेल्या बाळाला थोपटतो तसं. गोल-गोल चोळायचं नाही. काही मिनिटं राहू दे. मग कोमट पाणी मगाने, अगदी जवळून. मी डावा हात आडवा धरायचो आणि पाणी बोटांवर पडून खाली ओघळू द्यायचो, त्यामुळे धार कधीच थेट पडली नाही. शॉवर पहिल्या आठवड्यात विसर. मागे जिथून केस काढले तिथे जरा मोकळा हात चालतो, टॉवेलने टिपलंस तरी चालेल. पुढचा भाग मात्र वाऱ्यावर वाळू दे. ड्रायरची गरम हवा नको. धुतल्यावर बेसिनमध्ये गुलाबी पाणी दिसलं तर पहिल्या दिवशी माझ्यासारखा आरडाओरडा करू नकोस.

आठवडा-दहा दिवस झाले आणि डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवला, की लोशन किंवा फेस लावून पंधरा मिनिटं शांत बसायचं, मग पेरांनी हलकेच गोल फिरवायचं. नखं आधीच कापून टाक. खपल्या दोन-तीन धुण्यांत आपोआप सुटतात. त्यांच्यासोबत बारीक केसही येतील, टोकाला पांढुरका ठिपका असलेले. ते बघून माझ्या पोटात गोळा आला होता. मूळ आत राहतं आणि वरचा केस गळतो, हे नेहमीचंच. ग्राफ्ट खरंच उपटला गेला तर बहुधा रक्त येतं. तसं दिसलं तर स्वच्छ गॉजने हलकेच दाबून धर आणि लगेच फोन कर, डॉक्टरांना, मला नाही.

तिसऱ्या दिवशी आरशात बघशील तर कपाळ सुजून डोळ्यांपर्यंत उतरलेलं असेल, कदाचित. मला एक डोळा उघडता येत नव्हता. दोन-चार दिवसांत ओसरतं. उशा रचून डोकं उंच ठेवून झोप. बर्फ लावायचाच तर विचारून, आणि कपाळालाच, ग्राफ्टला नाही. खरा छळ खाजेचा, तोही रात्री. सलाइनचा स्प्रे उशाशी ठेव. मागची कातडी बधिर वाटेल, काहींची महिनोनमहिने तशी राहते. माझी दोन महिने होती.

व्यायाम, हेल्मेट, तलावात पोहणं, सिगारेट यांच्या तारखा डॉक्टरांकडून लिहूनच घे. तू सिगारेटची तारीख मुद्दाम विचारणार नाहीस, म्हणून मी इथे लिहितोय. धुराने रक्तपुरवठा कमी होतो आणि नवीन मुळं त्या रक्तावरच जगायची आहेत. मिनॉक्सिडिल, ते केस वाढवायचं औषध, आधीपासून लावत असशील तर ते परत कधी सुरू करायचं तेही विचार.

दुसऱ्या आठवड्यापासून दोनेक महिन्यांत लावलेले बहुतेक केस झडतील आणि तू आधीपेक्षा टकला दिसशील. तेव्हा मला शिव्या घालायला फोन करशीलच. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मऊ लव उगवायला लागते, त्याच सुमारास थोड्या पुटकुळ्याही येतात, कारण नवा केस कातडीखाली अडकतो. फोडू नकोस. भरपूर आल्या, पू झाला, ताप आला तर मात्र थांबायचं नाही. पूर्ण चित्र दिसायला वर्ष लागतं, कधी दीडही.

घरी पहिल्यांदा धुशील तेव्हा फोन स्पीकरवर ठेव, मी बोलत राहीन. आणि ऑपरेशनला जाताना पुढून बटणं असलेला शर्ट घाल. मी टी-शर्टवर गेलो होतो. परत घरी आल्यावर तो कात्रीने कापून काढावा लागला, आणि आवडता होता रे.

तुझा,
नंद्या