‘समजलं का?’ ‘होऽऽ!’ : शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

कोणत्याही वर्गाबाहेर दहा मिनिटं उभं राहिलं की एक प्रश्न कानावर येतोच : “समजलं का रे?” आणि सगळा वर्ग एका सुरात ओरडतो, “होऽऽ!” ज्याला काहीच कळलेलं नाही त्याचाही आवाज त्यात असतो. ‘नाही’ म्हटलं की हसं होतं, हे तो पहिलीतच शिकलेला असतो. मुलं वर्गात रमत नाहीत या तक्रारीचं मूळ आम्हाला इथे दिसतं, आणि डिजिटल फळा लावून ते हलत नाही.

अपूर्णांकांचंच घ्या. १/३ मोठा की १/४? बरीच मुलं १/४ म्हणतात, कारण ३ पेक्षा ४ मोठे. “चूक, बस खाली” म्हटलं की पुढचा हात वर येत नाही. “कसं ठरवलंस?” एवढंच विचारलं, तर मूल कारण सांगतं आणि चुकीचं मूळ हाती लागतं : पूर्ण संख्यांचा नियम त्याने इथेही लावलेला असतो. मग १२ सेंमीच्या दोन कागदी पट्ट्या द्याव्यात. एकीचे तीन सारखे भाग, दुसरीचे चार. एक तुकडा ४ सेंमीचा, दुसरा ३ सेंमीचा. दोन्ही शेजारी ठेवले की मूल आपणच आपलं उत्तर बदलतं. कागदी भाकरी इथे दगा देते, कारण गोलाचे तीन सारखे भाग मुलांना जमत नाहीत. पट्ट्या कमीजास्त लांबीच्या कापल्या गेल्या तरीही सगळं फसतं.

‘समजलं का?’ऐवजी पाटी वापरावी. प्रत्येकाने उत्तर लिहायचं, पाटी छातीशी धरायची आणि “दाखवा” म्हटल्यावर सगळ्यांनी एकदम वर करायची. तीस मुलांचं काय चाललंय ते अर्ध्या मिनिटात दिसतं. या उत्तरांना गुण दिले की मात्र शेजारच्याच्या पाटीत डोकावणं सुरू होतं. म्हणून गुण नाहीत, चुकणाऱ्याचं नाव घेणं नाही.

तोंडी प्रश्नानंतर थांबावं. अमेरिकेतल्या शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात दाखवून दिलं की शिक्षक साधारण सेकंदभरच थांबतात. तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलू लागतात. मनात एक-दोन-तीन म्हणायचं, बस्स. सुरुवातीला ती शांतता शिक्षकालाच सोसत नाही.

भाषेचा प्रश्न याहून नाजूक आहे. मूल “पानी आटलं व्हतं” म्हणालं आणि बाईंनी मध्येच “पाणी! होतं!” म्हणून तोडलं, की बाष्पीभवन राहतं बाजूला आणि ते मूल वर्षभर तोंड उघडत नाही. त्याला पुरतं बोलू द्यावं, मग आपल्या बोलण्यात सहज “बरोबर, पाणी आटलं होतं. कुठे गेलं असेल?” म्हणावं. मेळघाटातल्या कोरकू किंवा नंदुरबारकडच्या पावरी बोलणाऱ्या मुलांना तर आधी आपल्या भाषेत आपसांत बोलू द्यायला हवं. शिक्षण हक्क कायदा, २००९ चं कलम २९ शक्य तिथवर मातृभाषेत शिकवायला सांगतं. कलम १७ शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक त्रासालाही मनाई करतं. छडी बरीच मागे पडली. टोमणा अजून वर्गात आहे.

आता मागणी. केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत सूचना वाचण्याऐवजी एक तास प्रत्यक्ष पाठ व्हावा आणि त्यावर चर्चा व्हावी. शाळाभेटीत सजावट पाहण्यापेक्षा तासाभरात किती वेगवेगळी मुलं बोलली आणि चुकलेल्या उत्तरावर शिक्षकाने पुढे काय विचारलं, हे लिहिलं जावं. शिक्षकाला मुलांसमोर झापणं अधिकाऱ्यांनी थांबवावं. साहेब बाईंशी जसे बोलतात, तसंच दुसऱ्या दिवशी वर्गात बोललं जातं. आणि रोजचे फोटो व माहितीचे तक्ते कमी करा. मोबाइलवर माहिती भरता भरता “कसं ठरवलंस?” विचारायला सवड उरत नाही.

आपले,
प्राथमिक शाळांतील काही शिक्षक