नेपियनकाठच्या पांढऱ्या निलगिरीसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार,

पश्चिम सिडनीतल्या मराठी घरांत नेपियन नदीकाठची एक दुर्मीळ निलगिरी वाचवण्याच्या आमच्या कामाचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: "निलगिरी? आणि ती वाचवायची?" प्रश्न रास्त आहे. १९८० च्या दशकात सामाजिक वनीकरणाच्या लाटेत महाराष्ट्रात बांधाबांधावर निलगिरी लागली. तिने विहिरी आटवल्या, तिच्याखाली गवतही उगवत नाही, ही तक्रार आपल्यापैकी अनेकांनी गावी ऐकली आहे. भारतात लागलेली निलगिरी बरीचशी युकॅलिप्टस टेरेटिकॉर्निस जातीची किंवा तिच्या संकरातली. ती मुळात इथल्याच पूर्व किनारपट्टीची. तिची काळजी करण्याचं कारण नाही.

आम्ही मदत मागतो आहोत ती तिच्या एका दुर्मीळ नातेवाइकासाठी. युकॅलिप्टस बेंथामी, इथल्या बोलीत कॅम्डन व्हाइट गम. १९१५ साली मेडन आणि कॅम्बेज या वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिची शास्त्रीय नोंद केली आणि नाव दिलं जॉर्ज बेंथाम यांचं. ऑस्ट्रेलियाच्या वनस्पतींवर सात खंड लिहिणाऱ्या या गृहस्थांनी ऑस्ट्रेलियात पाऊलही ठेवलं नव्हतं! झाड चाळीस मीटरपर्यंत जातं. बुंध्याशी खरखरीत साल आणि वर गुळगुळीत पांढरं खोड, त्यावरून सालीच्या लांब पट्ट्या लोंबत असतात. रोपाची पानं मात्र मोठ्या झाडासारखी मुळीच नसतात. ती रुंद, देठाविना समोरासमोर जोडलेली आणि राख फासल्यासारखी निळसर असतात. हे लक्षात ठेवा, कारण तण काढताना नेमकी हीच रोपं नवख्याच्या हातून उपटली जातात.

जगात नैसर्गिकरीत्या हे झाड फक्त सिडनीच्या पश्चिमेला, नेपियन आणि तिला मिळणाऱ्या नद्या-ओढ्यांच्या काठच्या गाळाच्या जमिनीत वाढतं. ही जमीन शेतीला उत्तम, म्हणून तिच्यावरची बहुतेक झाडं एकोणिसाव्या शतकातच तोडली गेली. पुढे वॉरगंबा धरण १९६० मध्ये पुरं झालं आणि बुरागोरांग दरीतली झाडं पाण्याखाली गेली. आज खरा मोठा समूह एकच, ब्लू माउंटन्समधल्या केडुंबा दरीत. जुन्या गणनेत तिथे सुमारे ६,५०० झाडं होती. त्याखालोखाल बेंट्स बेसिनचा समूह सुमारे ३०० झाडांचा. बाकी कॅम्डन-कॉबिटीच्या बाजूला शेतांच्या कडेला सुटी सुटी, दूर दूर उभी असलेली झाडं. केडुंबाही निर्धास्त नाही. वॉरगंबा धरणाची भिंत सुमारे १४ मीटरने वाढवण्याचा प्रस्ताव होता, त्यात या दरीतल्या झाडांनाही पुराच्या पाण्याचा धोका होता. राज्य सरकारने २०२३ मध्ये तो सोडून दिला, म्हणून तूर्त सुटलो. सगळी भिस्त एका दरीवर ठेवणं आम्हाला पटत नाही, म्हणून नदीकाठची ही विखुरलेली झाडं महत्त्वाची.

विचित्र गोष्ट अशी की याच झाडाची परदेशात चलती आहे. ते थंडी आणि दंव सोसतं, म्हणून दक्षिण ब्राझील, उरुग्वे आणि अमेरिकेच्या दक्षिण भागात लाकडासाठी त्याची मुद्दाम लागवड होते. पण लागवडीतल्या रांगा म्हणजे जंगल नव्हे, आणि नेपियनकाठी त्यांचा काही उपयोग नाही.

इथे अडचण बियांची नाही, जागेची आहे. पूर ओसरल्यावर काठावर जो उघडा गाळ राहतो, त्यावर याची रोपं सर्वांत चांगली धरतात. वरच्या अंगाला १९०७ ते १९३५ दरम्यान कॅटरॅक्ट, कॉर्डो, एव्हन आणि नेपियन अशी चार धरणं झाली आणि पुराची जुनी लय मोडली. आणि २०२१-२२ सारखे मोठे पूर आले तरी त्या गाळावर निलगिरीच्या आधी तण पोचतं. आफ्रिकन ऑलिव्ह, प्रिव्हेट, मदिरा वेल, आपल्या कपाळफोडीची दांडगी बहीण असलेली बलून वेल, आणि घाणेरी! होय, सह्याद्रीत सतावणारी तीच घाणेरी. दोन्हीकडे ती दक्षिण अमेरिकेच्या बाजूची पाहुणी.

दुसरी अडचण एकट्या झाडाची. शेजारी जोडीदार नसला की त्याचं परागण स्वतःशीच होऊ लागतं आणि त्या बियांची रोपं कमजोर निघतात. म्हणून बी अनेक झाडांचं मिसळून घ्यावं लागतं. कृपा करून कुणीही स्वतः बी गोळा करू नका. झाड संकटग्रस्त वनस्पतींच्या यादीत असल्याने त्याला परवाना लागतो, ते काम परवानाधारक रोपवाटिकेवर सोडा.

आमचा बुशकेअर गट, म्हणजे तण काढून रानाची निगा राखणारे स्वयंसेवक, लहान आहे. हवं ते असं. सर्वांत आधी हात. हातमोजे, खुरपी, करवती आम्ही देतो. पूर्ण बाह्यांचा सदरा, बंद बूट आणि पाणी तुमचं. येण्याआधी बुटांचा चिखल धुऊन या, रोगही चिखलातून येतात. मुलांना आणा. गावाकडून काही महिन्यांसाठी आलेल्या आई-बाबांना तर जरूर आणा. खुरपं धरायचं कसं, हे त्यांना शिकवावं लागत नाही. उन्हाळ्यात सापांमुळे उंच गवतात शिरत नाही. लागवड इथल्या शरद ऋतूत, एप्रिल-मे महिन्यांत.

पैसेही हवेत, कितीही चालतील. मोठं ऑलिव्ह बुंध्याशी कापून ताबडतोब तणनाशक लावणारी प्रशिक्षित माणसं रोजाने आणावी लागतात, तिथेच सर्वाधिक खर्च होतो. उरलेले रोपांना आणि ससे-हरणांपासून बचावाच्या जाळ्यांना. फलक, टी-शर्ट, समारंभ यांवर एक डॉलरही जाणार नाही. हिशेब मागाल तेव्हा दाखवू.

आणि ज्यांनी कॅम्डन-कॉबिटीकडे नदीला लागून एकरा-दोन एकरांची जागा घेतली आहे, त्यांना खास विनंती. आपल्या आवारात पांढऱ्या खोडाचं मोठं झाड असेल तर आम्हाला येऊन ओळखू द्या. त्याच्याभोवती गवत कापायचं यंत्र फिरवू नका, गुरं-घोडी आत सोडू नका. ते तोडायला कायद्याची आडकाठी येईल ही भीती मनात असेल तर तसं मोकळेपणाने बोला. लपवून ठेवलेल्या झाडाला आम्ही काहीच मदत करू शकत नाही.

काम दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, सकाळी आठ ते अकरा. पाऊस असेल तर पुढच्या रविवारी. नंतर चहा असतो, आणि पोहे आणायची पाळी सगळ्यांवर येते.

आपले,
नेपियनकाठचे बुशकेअर स्वयंसेवक