अतिचंचलतेच्या तपासणीत वर्गशिक्षकांचे म्हणणेही नोंदवावे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मुलांमधील अवधानाचा अभाव आणि अतिचंचलता, म्हणजेच एडीएचडी, हा विकार २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी यादीत आहे. मात्र शाळेत येणाऱ्या आरोग्य पथकाला एवढ्या मुलांचे वजन, उंची, दात, डोळे आणि रक्तक्षय पाहायचे असतात, की या विकाराकडे नीट लक्ष द्यायला त्याला उसंतच मिळत नाही. शिवाय एरवी क्षणभर स्वस्थ न बसणारे मूलही अनोळखी डॉक्टरांसमोर काही मिनिटे शहाण्यासारखे बसते, हे मी प्राथमिक शिक्षिका म्हणून अनेकदा पाहिले आहे.

या विकाराचे निदान करणारी रक्तचाचणी किंवा स्कॅन नाही. लक्षणे वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून असणे, किमान सहा महिने टिकणे आणि घर व शाळा अशा एकाहून अधिक ठिकाणी दिसणे, हे निदानाचे प्रमुख निकष आहेत. शाळेतली लक्षणे शिक्षकांखेरीज कोण सांगणार? म्हणून पथक येण्याच्या आठवडाभर आधी वर्गशिक्षकांकडून आणि पालकांकडून छोटी प्रश्नावली भरून घ्यावी. अर्थात, प्रश्नावलीत गुण जास्त आले म्हणून मुलावर शिक्का मारता कामा नये. कमी ऐकू येणे, चष्म्याची गरज, नाकाच्या मागच्या बाजूची ॲडिनॉइड ग्रंथी वाढल्याने रात्री नीट झोप न होणे, काही सेकंद भान हरपणारी फिट किंवा वाचनातील अक्षमता यांमुळेही मूल असेच वागू शकते. ते तपासणे तज्ज्ञांचे काम आहे.

मला सर्वाधिक काळजी वाटते ती मुलींची. फळ्यावरचे गणित उतरवताना मधलीच पायरी गाळणारी, कंपासपेटी रोज घरी विसरणारी मुलगी कोणालाच त्रास देत नाही, त्यामुळे तिला कोणी डॉक्टरांकडे पाठवत नाही. ती ‘आळशी’ ठरते. अशा काही जणींचे निदान थेट प्रौढपणी होते. प्रौढांसाठी सहा प्रश्नांची प्राथमिक चाचणी उपलब्ध आहे, पण तीही केवळ चाळणी आहे. मनोविकारतज्ज्ञांकडे जाताना शाळेची जुनी प्रगतिपुस्तके न्यावीत. ‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही’ हा वर्गशिक्षकांचा शेरा बालपणीच्या लक्षणांचा उपयुक्त पुरावा ठरू शकतो.

जिल्हा परिषदांच्या शिक्षण व आरोग्य विभागांनी एकत्र बसून ही प्रश्नावली सोप्या मराठीत तयार करावी आणि पुढच्या शालेय तपासणीपूर्वी शाळांपर्यंत पोहोचवावी, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, सातारा