शिजियाझुआंग प्राचीन नगरी नव्हे, जंक्शनचे गाव

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्यावर आपल्या पुरवणीत आलेला लेख मी घरात सगळ्यांना वाचून दाखवला. चीनमध्ये जाऊन युद्धातल्या जखमींवर उपचार करणाऱ्या सोलापूरच्या या सुपुत्राबद्दल जितके छापून येईल तितके थोडेच. मात्र त्यात त्यांची समाधी जिथे आहे त्या शिजियाझुआंगचा उल्लेख ‘चीनमधील प्राचीन नगरी’ असा झाला आहे, तो दुरुस्त व्हावा म्हणून हे पत्र. हे शहर प्राचीन नाही. ते रेल्वे स्थानकाने जन्माला घातले, आणि त्या स्थानकाचा इतिहास कुर्डुवाडीच्या माणसाला तर घरचाच वाटावा असा आहे.

नावाचा अर्थच ‘शी मंडळींची वाडी’. एकोणिसावे शतक संपताना ती खरोखर वाडीच होती, फार तर शे-दोनशे उंबरे. प्राचीन नगरी होती ती हुतुओ नदीच्या उत्तरेची झेंगडिंग. तट, बुरूज आणि हजार वर्षांहून जुनी बौद्ध मंदिरे असलेली. बेल्जियमच्या भांडवलावर बीजिंग ते हानकोऊ हा मोठा लोहमार्ग बांधला गेला (तो १९०६ साली पुरा झाला), तेव्हा नदीच्या दक्षिणेला या वाडीजवळ एक किरकोळ स्थानक पडले. त्याला वाडीचे नावसुद्धा मिळाले नाही. शेजारचे झेनतोऊ गाव मोठे, म्हणून पाटी लागली ‘झेनतोऊ’. आमच्या कुर्डुवाडीच्या स्थानकावर कित्येक वर्षे ‘बार्शी रोड’ अशी पाटी होती, ते जुन्या लोकांना आठवत असेल.

नशीब फिरले ते दुसऱ्या लोहमार्गाने. शान्शी प्रांतातला कोळसा बाहेर काढण्यासाठी त्या प्रांताच्या राजधानीपर्यंत, ताइयुआनपर्यंत, रेल्वे न्यायची होती आणि ती झेंगडिंगहून निघणार होती. पण मग हुतुओवर आणखी एक पूल बांधावा लागला असता. तो खर्च टाळण्यासाठी आरंभस्थान नदीच्या अलीकडे, या वाडीत आणले. नाव मात्र झेंगडिंगच्या ‘झेंग’वरून ‘झेंगताई रेल्वे’ असेच राहिले. फ्रेंच कर्जातून १९०४ ते १९०७ या काळात बांधलेला हा २४३ किलोमीटरचा मार्ग मीटरगेज होता, तर बीजिंग-हानकोऊ मार्ग स्टँडर्ड गेज. एकाची गाडी दुसऱ्याच्या रुळांवर जाऊच शकत नव्हती. शेजारी शेजारी दोन स्थानके उभी राहिली आणि शान्शीहून आलेला कोळसा एका वाघिणीतून उतरवून दुसरीत भरावा लागे.

वाचकांनी इथे क्षणभर थांबावे. माझे बालपण कुर्डुवाडीच्या मालधक्क्याजवळ गेले. १८९७ साली सुरू झालेल्या बार्शी लाइट या नॅरोगेज रेल्वेची छोटी गाडी एका बाजूला, मोठ्या लाइनची मालगाडी दुसऱ्या बाजूला आणि मधे पाठीवर पोती घेतलेले हमाल. आमच्या घराण्यातल्या दोन पिढ्या त्या कामावर जगल्या. जिथे गेज बदलते तिथे माणूस लागतो. माणूस आला की खोली लागते, खानावळ लागते, अडत्या येतो, वखार येते. हे मी पुस्तकातून शिकलो नाही. शी मंडळींच्या वाडीत हेच घडले, फक्त कितीतरी मोठ्या प्रमाणावर.

दोन्ही मार्गांचे रूळ ओलांडताना माणसे मरू लागली, तेव्हा १९०७ साली रेल्वे कामगारांच्या पगारातून निघालेल्या वर्गणीवर दगडी पूल उभा राहिला. तिथले लोक त्याला ‘मोठा दगडी पूल’ म्हणतात. शहरात आजही तो जपलेला आहे.

जंक्शन ज्याच्या हातात, त्याच्या हातात मुलूख, हे लष्करांनाही लगेच कळले. ऑक्टोबर १९११ मध्ये वूचांग शहरात चीनच्या बादशाहीविरुद्ध क्रांतीचा भडका उडाला, तेव्हा बादशाही फौजेतल्या सहाव्या डिव्हिजनचा सेनापती वू लुझेन याने आघाडीवर चाललेली दारूगोळ्याची आगगाडी याच स्थानकावर अडवून धरली. शान्शीच्या क्रांतिकारकांशी हातमिळवणी करून बीजिंगवर चालून जाण्याचा त्याचा बेत होता. ७ नोव्हेंबरला स्थानकातच त्याचा खून झाला, तोही त्याच्याच फौजेतल्या माणसांकडून. वय एकतीसच्या आसपास.

ऑक्टोबर १९३७ मध्ये शहर जपान्यांनी घेतले. १९३९ साली त्यांनी झेंगताई मार्ग स्टँडर्ड गेजचा केला आणि शान्शीचा कोळसा मधे न उतरवता थेट वाहून नेला जाऊ लागला. डॉ. कोटणीसांच्या चरित्रातले १९४० साल समजून घ्यायचे तर हा तपशील हवाच. त्या वर्षी २० ऑगस्टला चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेने जी ‘शंभर रेजिमेंटांची मोहीम’ उघडली, तिचा पहिला मोठा घाव या झेंगताई मार्गावरच होता. रूळ उखडले, पूल उडवले. त्या मोहिमेतल्या जखमींवर डोंगराळ मुलुखात जे डॉक्टर रात्रंदिवस शस्त्रक्रिया करत होते, त्यांत आपले कोटणीस होते. ९ डिसेंबर १९४२ रोजी तांग जिल्ह्यात ते गेले, तेव्हा शिजियाझुआंग जपान्यांच्याच ताब्यात होते. समाधी तिथे आली ती पुढे, शहर मुक्त झाल्यानंतर. १२ नोव्हेंबर १९४७ रोजी कम्युनिस्ट सैन्याने ते जिंकले. कुओमिंतांगचा, म्हणजे त्यांच्याशी लढणाऱ्या राष्ट्रवादी पक्षाचा, सेनापती पकडला गेला तो त्याच मोठ्या दगडी पुलापाशी, कामगारांच्या वर्गणीतून झालेल्या. पन्नाशीच्या दशकात तिथे कापसाच्या मोठमोठ्या गिरण्या निघाल्या, म्हणजे सोलापूरशी आणखी एक नाते. १९६८ पासून ते हेबेई प्रांताची राजधानी आहे आणि झेंगडिंग आज त्याच्याच हद्दीत मोडते.

स्थानकाची १९८७ ची इमारत २१ डिसेंबर २०१२ ला बंद झाली. दक्षिणेला नवे स्थानक झाले आणि शहर मधोमध चिरणारे रूळ सुमारे पाच किलोमीटरच्या बोगद्यात गेले. जुनी इमारत मात्र पाडली नाही, याचा मला फार आनंद वाटतो. आमच्याकडे बार्शी लाइटचा मिरज-लातूर मार्ग ब्रॉडगेज झाला हे चांगलेच झाले. पण छोट्या गाडीच्या खुणा पाहता पाहता नाहीशा होत गेल्या, तेव्हा वाटलेली हळहळ अजून गेलेली नाही.

आपणास दोन विनंत्या. चूक-दुरुस्ती छापावी. आणि सोलापुरातल्या कोटणीस स्मारकात उत्तर चीनच्या त्या दोन लोहमार्गांचा एक मोठा नकाशा लावावा, ही सूचना आपल्या दैनिकाने संबंधितांपर्यंत पोहोचवावी. नकाशासाठी सोबत कुर्डुवाडीचा जुना आराखडाही हवा असेल, तर माझ्या घरी आहे. मी तो आणून देईन.

कळावे,
आपला,
कुर्डुवाडीचा एक जुना वाचक