बसऱ्याच्या आजोबांचा दगड आणि तुमचे इंदूरला येणे

इंदूर

तीर्थरूप आण्णा व आई यांना,
साष्टांग नमस्कार.

पत्र मुद्दाम लिहीत आहे. फोनवर हा विषय निघाला की आण्णा "बघू पुढे" म्हणतात आणि फोन आईच्या हातात देतात, आणि आई मुलांच्या अभ्यासाची चौकशी करून बोलणे तिथेच मिटवते. म्हणून जे ठरले आहे ते आधी सांगते. तुळशीचे लग्न लागले आणि चावडीतल्या लढाईच्या दगडापुढे अकरा नोव्हेंबरचा दिवा लावून झाला, की तुम्ही दोघांनी इंदूरला आमच्याकडे राहायला यायचे आहे, आणि चार दिवसांच्या पाहुणचाराला नव्हे, कायमचे. दादाचे आणि माझे याबाबत सविस्तर बोलणे झाले आहे. त्याच्या घराला लिफ्ट नाही, तिसरा मजला आहे आणि वहिनीची कामाची पाळी रात्रीची असते. त्याची इच्छा कमी आहे असे कृपा करून मनात आणू नका. खर्चाचा वाटा त्याने स्वतःहून उचलला आहे.

तुम्हाला न विचारता ठरवले याचे तुम्हाला वाईट वाटेल हे मी जाणते. पण विचारले असते तर आण्णा काय म्हणाले असते तेही मला पाठ आहे : "मग लढाईच्या दगडाकडे बघणार कोण?" हा प्रश्न मी कधीही हलका मानलेला नाही. म्हणूनच बाकीचे सगळे बाजूला ठेवून त्याच प्रश्नाचे उत्तर नीट लिहून पाठवते आहे.

आण्णा, श्रावणात तुम्ही दगड पुसताना चावडीच्या कट्ट्यावरून घसरलात, ही गोष्ट मला शेजारच्या काकूंकडून कळली. दूधवाला येईपर्यंत तुम्ही तिथेच बसून होतात आणि घरी येऊन आईला "गुडघा जरा आखडला" एवढेच सांगितलेत. मी रागावलेली नाही. पण त्या दिवसापासून पहाटे फोन वाजला की माझे हातपाय गार पडतात. आईच्या डाव्या डोळ्याला आता संध्याकाळनंतर नीट दिसत नाही, तुमचा रक्तदाब वरखाली होतो, आणि पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले की गावातून डॉक्टरपर्यंत पोचायला अर्धा दिवस जातो. अशा घरात तुम्हा दोघांना एकटे ठेवून मला इथे सुखाचा घास गिळता येत नाही.

आता दगडाविषयी. अपशिंग्यासारखे आपले गाव नावाजलेले नाही. तिथले ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले आणि गावाच्या नावापुढे "मिलिटरी" असा शब्दच लागला. आपल्याकडे आहे ती चावडीच्या भिंतीत बसवलेली हातभर संगमरवरी पाटी. या गावातून इतकी माणसे १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात गेली आणि त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर तिच्यावर आहे. अशा पाट्या इंग्रज सरकारने त्या काळी गावोगाव लावल्या. गेलेल्यांचा आकडा आहे, न आलेल्यांचा आकडा आहे, आणि नाव एकाचेही नाही. पंचायत दरवर्षी चावडीला चुना लावते, तो कोरलेल्या अक्षरांत भरतो, आणि तुम्ही बाभळीच्या काट्याने एकेक अक्षर मोकळे करता. १९१४ मधल्या चाराच्या पोटातला चुना सगळ्यात हट्टी. तो निघेपर्यंत तुम्ही श्वास रोखून धरता, हे मी कितीदा पाहिले आहे.

मी आकडे शाळेतल्या पाटीवर शिकले नाही, त्या पाटीवर शिकले. तुम्ही रजेवर आलात की मला खांद्यावर घेऊन चावडीपर्यंत न्यायचा आणि माझे बोट त्या खाचांतून फिरवायचा. लढाई ११ नोव्हेंबर १९१८ ला थांबली, मग दगडावर १९१९ का, असे मी विचारले तेव्हा तुम्ही म्हणालात की बंदुका थांबल्या तरी तहावर सही व्हायला पुढचा जून उजाडला. मग घरी येईपर्यंत तुम्ही न आलेल्यांची नावे एका दमात म्हणायचा, आणि आई दारातूनच ओरडायची की पोरीला भूक लागली असेल, ते नंतर सांगा. तुमच्या खांद्याला तेव्हा येणारा ब्रासो पॉलिशचा वास मला अजून आठवतो.

ती नावे आज फक्त तुम्हाला येतात. पणजोबांनी ती तुम्हाला शिकवली, कारण ते स्वतः १०३ मराठा लाइट इन्फंट्रीत होते आणि परत आले होते. नोव्हेंबर १९१५ मध्ये मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, टेसिफॉनच्या लढाईत त्यांना जखम झाली, म्हणून ते नदीने बसऱ्याकडे पाठवले गेले आणि वाचले. त्यांचे धाकटे भाऊ, आपले बसऱ्याचे आजोबा, पलटणीबरोबर मागे फिरून कुत या गावी अडकले. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत तो वेढा चालला. तिथे १०३, ११० आणि ११७ या तीनही मराठा पलटणी होत्या. धान्य संपले, घोडे मारून खायची वेळ आली, आणि आपल्या लोकांनी धर्माखातर ते मांस कितीतरी दिवस तोंडाला लावले नाही. अखेर सुमारे तेरा हजार माणसे तुर्कांच्या हाती कैद झाली. हिंदी शिपायांना वाळवंटातून चालवत रास-अल-ऐनला रेल्वेच्या कामावर नेले. आजोबा त्या वाटेवर कुठे पडले ते घरात कोणालाच कधी कळले नाही.

आण्णा, मी इथे बसून शोध घेतला. महायुद्धांत पडलेल्या सैनिकांच्या कबरी आणि स्मारके सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या नोंदी आता संगणकावर पाहता येतात. तिथे आजोबांची नोंद आहे. गावाचे नाव इंग्रजीत पार बदलून गेले आहे, पण वडिलांचे नाव, पलटण आणि सातारा जिल्हा बरोबर आहेत. बसऱ्याला ज्यांच्या कबरी सापडल्या नाहीत अशा चाळीस हजारांहून अधिक माणसांचे स्मारक आहे, त्यात त्यांची गणती आहे. मात्र त्या स्मारकावर अधिकाऱ्यांची आणि गोऱ्या शिपायांची नावे कोरली आणि हिंदी शिपायांचे पलटणवार आकडे तेवढे लिहिले. म्हणजे बसऱ्यालाही आकडा आणि आपल्या चावडीवरही आकडाच. २०२१ साली या कमिशनने आपल्याच चौकशीचा अहवाल काढून या भेदभावाबद्दल माफी मागितली. मी तो वाचला तेव्हा मला पहिल्यांदा तुम्ही आठवलात, हातात काटा घेऊन उभे असलेले.

त्या आकड्यात कोण कोण होते हे सांगणारे तुम्ही एकटे उरला आहात. आपल्या आळीतलेच नव्हेत, रामोशीवाड्यातलेही होते, आणि आज जिथे बौद्धवाडा आहे तिथला एकजण १९१७ मध्ये १११ महार पलटण उभी राहिली तेव्हा भरती झाला होता, असे तुम्हीच सांगितले आहे. ती पलटण लढाई संपल्यावर मोडून टाकली. त्या माणसाचे नाव गावात दुसऱ्या कोणाच्या तोंडी नाही. तुम्हाला काही झाले तर दगड राहील आणि माणसे जातील. हे लिहिताना माझा हात जड झाला आहे, पण ते लिहिणे भाग आहे.

दगडाची व्यवस्था मी पुढीलप्रमाणे केली आहे, आणि ती तुम्हाला मान्य नसेल तर बदलू. शाळेतल्या बाईंशी बोलले. सातवीची मुले महिन्यातून एकदा पाटी धुतील आणि अकरा नोव्हेंबरला दिवा लावतील. धाकट्या काकांचा नातू स्वतःहून म्हणाला की त्याला आधी तुमच्याकडून शिकायचे आहे, आणि मला ते फार बरे वाटले. सरपंचांनी ऑइलपेंटने अक्षरे सोनेरी करायची हौस बोलून दाखवली होती. त्यांना मी नम्रपणे पण ठामपणे सांगितले की रंग लावायचा नाही. तुम्ही आता एवढेच करा : पोरांना समोर उभे करून दाखवा की संगमरवराला ॲसिड लावले तर दगड खाल्ला जातो, साधे पाणी आणि मऊ ब्रश पुरतो, आणि चुना लावण्याच्या दिवशी आधी पाटीवर जुने धोतर बांधायचे. तुम्ही खुर्चीवर बसून सांगायचे. कट्ट्यावर चढायचे नाही. हे मी विनंती म्हणून लिहीत नाही.

आता इथले. आई, लेकीच्या घरी राहायचे कसे, हा तुझा संकोच मला ठाऊक आहे. म्हणूनच तळमजल्याच्या दोन खोल्या तुमच्यासाठी वेगळ्या काढल्या आहेत, स्वतंत्र स्वयंपाकघर आणि स्वतंत्र दार. भाडे द्यायचे आण्णांच्या मनात असेल तर जावईबापू ते घेतील आणि तुमच्याच नावाने टाकतील, म्हणजे कोणालाच ओशाळे वाटणार नाही. सासूबाईंनी स्वतः तुमच्या देवघराची जागा निवडली आहे, पूर्वेची. ज्वारी माळव्यात चांगली मिळते. तुझी भाकरी इथे अडणार नाही. नळाला एक दिवसाआड नर्मदेचे पाणी येते, म्हणजे तुझी देवपूजा घरबसल्या नर्मदेच्या पाण्याने होईल. पंढरीनाथाचे देऊळ आहे, रिक्षाने जाता येते, आणि एकादशीला तिथे मराठी माणसांची गर्दी असते. थंडी मात्र गावापेक्षा कडक आहे, म्हणून गिझर बसवला आहे आणि दोन नव्या रजया भरून घेतल्या आहेत. डोळ्याचे ऑपरेशन थंडी ओसरली की करू. मी रजा घेऊन तुझ्याजवळ राहीन, घाबरू नकोस.

आण्णा, महू तुम्हाला नवे नाही. इन्फंट्री स्कूलचा कोर्स तुम्ही तिथेच केला होता. इथून तासाभराची वाट आहे. तुमचे ईसीएचएसचे, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे, कार्ड चालेल, लष्करी रुग्णालय आहे, कॅन्टीन आहे, आणि तिथल्या इन्फंट्री म्युझियममध्ये मी तुम्हाला पहिल्याच महिन्यात घेऊन जाणार आहे. १९२२ च्या फेररचनेत बसऱ्याच्या आजोबांची १०३ हीच मराठा रेजिमेंटची पहिली बटालियन, म्हणजे जंगी पलटण झाली, आणि त्याच पलटणीतून तुम्ही १९७१ मध्ये बांगलादेशच्या लढाईत जमालपूरला लढलात, हे मुलांना तुमच्या तोंडून ऐकायचे आहे. माझ्या सांगण्याने त्यांचे समाधान होत नाही. चार फेब्रुवारीचा पलटणीचा दिवसही इथे साजरा करू. महूला आपल्या पलटणीचे निवृत्त लोक राहतात, त्यांना जेवायला बोलावू.

निघण्याआधीची कामे सांगते. पेन्शनचे पुस्तक, डिस्चार्ज बुक, ईसीएचएसची कार्डे आणि आधार एका पिशवीत घालून ती पिशवी आईकडे द्या, आण्णांच्या ट्रंकेत ठेवू नका. हयातीचा दाखला इथे आल्यावर मोबाइलवरून होईल, त्यासाठी बँकेत चकरा मारू नका. रक्तदाबाच्या गोळ्या दोन महिन्यांच्या घेऊन ठेवा. पदके आणि पणजोबांचा पितळी बिल्ला अंगावरच्या बॅगेत, सामानात नको. दादा पुण्यापर्यंत गाडी घेऊन येईल, तिथून रात्रीच्या रेल्वेत खालचे बर्थ घेतले आहेत आणि मी स्वतः तुम्हाला न्यायला येणार आहे. घराला कुलूप लावायचे नाही. काकांचा नातू तिथे निजेल, दिवाबत्ती चालू राहील, आणि उन्हाळ्यात तुम्ही म्हणाल तितके दिवस आपण सगळे गावी जाऊ. शेत विकायचा विषय कोणी काढणार नाही, हा माझा शब्द.

एक काम मात्र आजपासून सुरू करा. सोबत दोनशे पानी वही पाठवते आहे. आण्णांनी नावे सांगायची, आईने लिहायची : नाव, वडिलांचे नाव, आळी, पलटण, परत आला की नाही, आणि त्याच्या घरच्यांविषयी जे आठवेल ते. क्रम लागला नाही तरी चालेल. पलटण आठवली नाही तर जागा मोकळी सोडा, ती मी नोंदींतून शोधीन. बसऱ्याचे आजोबा पहिल्या पानावर घ्या आणि ते एक पान आण्णांनी स्वतःच्या हाताने लिहा. वही भरली की शाळेतल्या बाई तिची प्रत काढून घेतील, त्यांना तसे कळवले आहे. दुसरी पाटी बसवायला पंचायतीचा ठराव लागेल. अर्जाचा मसुदा मी केला आहे, तुमची सही घ्यायला येताना आणते. आईने रात्री दिव्याखाली लिहू नये, दुपारी ओसरीवर बसून लिहावे.

तुमची,
चिमी