सिंहस्थाचे नकाशे शाळांनाही द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

2027च्या सिंहस्थ कुंभमेळ्याच्या तयारीबद्दल रोज वाचते. पर्वणीच्या काळात पंचवटीतल्या शाळांचं वेळापत्रक विस्कटणार, हे 2015 पाहिलेल्या नाशिककराला सांगायला नको. त्यातून मुलांना काही शिकवता येईल, म्हणून हे पत्र.

मी पाचवीला शिकवते. ‘बदलाशी जुळवून घ्या’ असं परिपाठात कितीही सांगितलं तरी मुलांच्या अंगी ते येत नाही, त्याचा सराव लागतो. पांडवलेणीच्या सहलीचा बेत मी गटांना आखायला देते. निघायचं कधी, बस कुठली, खर्च किती. काम निम्म्यावर आलं की प्रत्येक गटाला एक चिठ्ठी मिळते: ‘बस रद्द’, किंवा ‘एकीचा पाय मुरगळलाय, पायऱ्या चढता येणार नाहीत’. सगळ्यात जास्त चिडतात ती पहिल्या नंबरातली मुलं. सुबक लिहिलेलं पान खोडायचं त्यांच्या जिवावर येतं. “बाई, हे तुम्ही आधी नव्हतं सांगितलं!”

गोदाघाटावर दुकान असलेल्या घरातल्या एका मुलीने मात्र एवढंच विचारलं, “बाकीचं तेच आहे ना?” आणि बदललं तेवढं वेगळं काढून कामाला लागली. गोदेच्या पुराची खूण असलेल्या दुतोंड्या मारुतीपाशी पाणी चढू लागलं की आधी काय उचलायचं, कोणी उचलायचं, हे ती घरी बघत आली आहे. गणितात ती मागे पडते, त्यामुळे प्रगतिपुस्तकात तिचं हे शहाणपण कुठेच दिसत नाही. मला याचं फार वाईट वाटतं. 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात मुलांनी स्वतःचं आणि एकमेकांचं मूल्यमापन करावं, असं सुचवलं आहे. त्यात ‘बेत फसल्यावर काय केलं?’ हा प्रश्न घालायला काय हरकत आहे?

मात्र कारण न सांगता तास फिरवायचे, परीक्षा पुढेमागे करायची, याने मुलं फक्त धास्तावतात. काहींना तर ठरलेला क्रम हाच आधार असतो. त्यांना बदल आदल्या दिवशी, शक्यतो चित्र काढून सांगावा.

29 ऑगस्ट 2015च्या पहिल्या शाहीस्नानाला बंदोबस्त इतका कडक होता की भाविकांना मैलोन्‌मैल चालावं लागलं आणि गर्दीही अपेक्षेपेक्षा कमी झाली. 13 सप्टेंबरच्या दुसऱ्या पर्वणीसाठी निर्बंध सैल केले आणि घाट फुलले. काय बदललं, का बदललं, काय तसंच ठेवलं, हे पाचवीच्या मुलांना नकाशावर शोधता येतं.

प्रशासनाला विनंती आहे की बंद रस्त्यांचे नकाशे शाळांनाही वेळेत द्यावेत. आपला रस्ता बंद झाला तर शाळेत यायचं कसं, धाकट्यांना सोबत कोणाची, हे मोठ्या वर्गांतली मुलं आखतील आणि आम्ही त्यांच्यासोबत ते चालून बघू. 2027च्या जूनमध्ये शाळा उघडताना नकाशे हाती असले, तर पर्वणीआधी चुका दुरुस्त करायलाही वेळ मिळेल.

आपली,
एक शिक्षिका, पंचवटी, नाशिक