सिंहगडाच्या वाटेवरच्या मावशी आणि दोन पोरांचे आभार

गेल्या रविवारी आम्ही एनडीएचे, म्हणजे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत एकाच बॅचला शिकलेले, नऊ कोर्समेट सिंहगड चढायला निघालो. तिथल्या सहा टर्ममध्ये शिक्षा म्हणून धावत गाठलेला गड. आता सगळे सत्तरीपार, तिघांचे गुडघे बदललेले. 'गाडीने जा', असं घरच्यांनी बजावलं होतंच. ऐकतंय कोण! अर्ध्या वाटेत आमच्या स्क्वाड्रनच्या, म्हणजे प्रबोधिनीतल्या आमच्याच तुकडीतल्या, एकाला भोवळ आली. ताकवाल्या मावशींनी त्याला सावलीत बसवलं, चिमूटभर मीठ जास्त घालून ताक पाजलं, पैसे घेतले नाहीत. कॉलेजच्या दोन पोरांनी खांद्याचा आधार देत पायथ्याच्या आतकरवाडीपर्यंत उतरवलं. गडबडीत नावं विचारायची राहिली. मावशी, पोरांनो, मनापासून आभार. गडी ठणठणीत आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर आम्हालाच व्यायामाचे सल्ले देतो. त्याची काठी तुमच्याकडे राहिली असेल तर खुशाल ठेवा.